चार बोटांचं पातं

बायडाक्का कमरेला चाकू लावत आणि तो पदराखाली झाकत नसत. नऊवारी लुगड्यावर कमरेभोवती सुताची जाड दोरी, दोरीत ओवलेलं चामड्याचं म्यान आणि म्यानातून वर आलेली बाभळीची काळपट मूठ. बाजारात, दवाखान्यात, लग्नात, मयतीला, सगळीकडं. बाईमाणसाला हे शोभतं का, असं आडून विचारणारे त्यांना पुष्कळ भेटत. उत्तर ठरलेलं होतं. "झाकला तर हत्यार, दिसला तर अवजार." एवढ्यावर न थांबता पुढं म्हणत, "तुमाला नसंल बघायचा तर तिकडं बघा. रान मोकळं हाय."

मी तेव्हा शिरूर तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नवा लागलो होतो. माझं गाव भांडगाव, दौंड तालुक्यातलं. नोकरीचं गाव निमोण्याच्या पलीकडं कुठंतरी. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढं ज्या आप्पांची गोष्ट येणार आहे ते हयात आहेत, आणि त्यांना या वयात कुणी बोट दाखवावं असं मला वाटत नाही. पर्यवेक्षक म्हणजे डॉक्टर नव्हे, पण गावात सुई टोचेल तो डाक्टर. बायडाक्का त्याच गावच्या पशुसखी होत्या. शेळ्यामेंढ्यांना जंताचं औषध पाजायचं, वाढलेली खुरं तासायची, कुठं रोग दिसला तर आम्हाला कळवायचं, हे त्यांचं काम. कागदावर त्या माझ्या मदतनीस होत्या. खरं काय होतं ते पहिल्याच आठवड्यात ठरलं.

एका वस्तीवरून फोन आला म्हणून गेलो, तर गव्हाणीखाली एक शेळी आपल्याच दाव्यात अडकून पडलेली. दाव्याचा पीळ गळ्याभोवती बसलेला, डोळे बाहेर, जीभ निळी. घरातल्या बाया आरडाओरडा करत होत्या. मी रुबाबात खिशातून चाकू काढला. तो मी ऑनलाइन मागवला होता. काळा, घडीचा, अंगठ्यानं उघडायचा. पात्याच्या निम्म्या भागाला करवतीचे दात, मागच्या टोकाला गाडीची काच फोडायची सोय. जाहिरातीत एक दाढीवाला गोरा माणूस बर्फात बसून त्यानं लाकूड सोलत होता. माझे हात घामानं आणि शेळीच्या लाळेनं ओले. पातं निम्मं उघडलं, मी घाईनं दावं कापायला लागलो, आणि ते पातं माझ्याच बोटावर मिटलं.

"सरा."

मागून आवाज आला आणि एक पन्नाशीची बाई माझ्या शेजारी गुडघ्यावर बसली. तिनं डाव्या हाताची दोन बोटं दाव्याखाली सारली, चाकूची बोथट पाठ शेळीच्या मानेला टेकवली आणि धार बाहेरच्या बाजूला ओढली. एकदाच. दावं तुटलं. शेळी खोकली, थोडा वेळ तशीच पडून राहिली, मग उठली आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुढ्यातला घास खायला लागली.

बाईनं माझं बोट धुतलं, फडकं गुंडाळलं. "दाबून धरा. शेळीचं भागलं, आता तुमची पाळी." मग माझा चाकू उचलून उलटसुलट केला. बिजागरीच्या फटीत रक्त आणि केस गेले होते. "ह्ये कसं धुनार?"

"ब्रशनं."

"आन् उद्या दुसऱ्या शेळीला लावनार? हिचा रोग तिला?" त्यांनी चाकू मिटून माझ्या हातात ठेवला. "डाक्टर, जे मिटतं त्याचा भरवसा धरू नगा."

बायडाक्का धनगराच्या. आईबापांचा जन्म मेंढरांमागं गेला, त्या स्वतः लग्नानंतर गावात स्थिरावल्या. दोन एकर जमीन, चाळीसएक मेंढरं, एक मुलगा शिक्रापूरच्या कारखान्यात, आणि नवरा भिवादाजी. दाजी फार कमी बोलत. कुणी काही विचारलं तर "व्हय" म्हणत, आणि "न्हाई" म्हणायचं असलं तर गप्प बसत. आक्का दोघांचं मिळून बोलत.

गावातल्या बैठकीत बाया मागं, भिंतीला टेकून बसत. आक्का सरळ पुढं जाऊन टेबलाशी मांडी घालत आणि म्हणत, "मला कमी ऐकू येतं." हे धादांत खोटं होतं. तीन शेतांपलीकडं कोकरू खोकलं तर कुणाचं कोकरू ते त्या सांगत. सहीच्या जागी अंगठा लावायला सांगितलं की, "शाई कशाला नासता," म्हणून पेन मागून घेत आणि अर्ध्या पानभर नाव काढत. आणि एक सवय मला फार उशिरा कळली. राग आला की त्या दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट अडकवत. "कमरेला धार बांधल्याली हाय," असं एकदा म्हणाल्या, "रागाला हात मोकळा सोडून कसं चालंल?"

माझं बोट भरल्यावर त्या मला शिरूरच्या आठवडी बाजारात घेऊन गेल्या. तिथं ताडपत्रीखाली कोंडिबामामा नावाचे लोहार बसत. विळे, खुरपी, कुऱ्हाडी पुढ्यात मांडलेल्या, आणि एका पोत्यावर चाकू. मी वाकून एक छानसा वीतभर लांबीचा उचलला.

"ठिवा त्यो," आक्का म्हणाल्या. "त्यो कलिंगडाचा. जनावराच्या पोटाशी काम करताना टोक कुठं हाय ते न बघता कळाया पायजे. पातं चार बोटं. तुमची चार, माजी न्हाई. हात दावा."

मी हात पुढं केला. त्यांनी माझ्या बोटांना एकेक चाकू लावून बघितला आणि निम्मे बाजूला सारले. उरलेल्यांत एक चकचकीत होता. तो मला आवडला. आक्कांनी मामांना विचारलं, "ह्याची धार गेली तर माज्या दारच्या दगडावर येती का?"

"त्याला मशिनीवर न्यावं लागंल," मामा प्रामाणिकपणे म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ द्या. मी मशीन घिऊन हिंडत न्हाई."

पुढचा दिसायला चांगला होता, गुळगुळीत मूठ, दोन पितळी खिळे. आक्कांनी माझा हात मामांच्या पाण्याच्या घमेल्यात बुडवला आणि त्या ओल्या हातानं टोक लाकडाच्या ओंडक्यावर दाबायला लावलं. मूठ साबणासारखी सटकली, हात पात्याकडं घसरला. मी दचकून सोडून दिला. त्यांनी माझ्या बोटावरच्या व्रणाकडं बघितलं. एकाची मूठ त्यांनी ऐरणीवर हलकेच ठोकली आणि कान लावला. "मामा, लोखंड निम्म्यातच संपलंय. ही पोकळ बोलतीया." मामांनी मान्य केलं.

मग त्यांच्या हातात एक असा आला की त्या थांबल्या. पातं बरोबर चार बोटं, पण टोकाशी दोन्ही अंगांना धार.

"ह्यो कुनासाठी केला?"

"पोरं मागत्यात," मामा खाली बघून म्हणाले.

"पोरं मागत्यात म्हून द्याचा? ह्याची पाठ कुठं टेकवायची? ह्यो जनावराच्या कामाचाच न्हाई. ह्यो मानसाच्या पोटासाठी हाय." त्यांनी तो पोत्यावर पालथा टाकला. "वितळवा. न्हाईतर पुढच्या बाजारापासनं मी तुमच्याकडनं खुरपंसुदिक घ्यायची न्हाई."

मामा हसले, पण चाकू उचलून मागं ठेवला.

शेवटी जो निवडला तो दिसायला सगळ्यांत ओबड होता. ट्रकच्या कमानपाट्याचं लोखंड, काळं, एका बाजूला हातोडीच्या खुणा. पाठ जाड आणि बोथट, टोक जरा खाली उतरलेलं. मूठ बाभळीची, पात्याचं लोखंड तिच्या शेवटापर्यंत गेलेलं दिसत होतं. मी म्हणालो, "हा गंजेल."

"गंजंलच. म्हून रोज पुसायचा, रोज खोबरेल लावायचं. रोज हात लागला की रोज धार बघितली जाती. न गंजनारा चाकू मानसं इसरून जात्यात."

मला वाटलं झालं. पण निम्मा वेळ पुढं म्यानातच गेला. आक्का म्यान उलटं करून झटकत, चाकू पडला की दुसरं मागत. तिसरं पसंत पडलं. मग भर बाजारात मला डोळे मिटून चाकू काढायला आणि परत आत सारायला लावलं, पुन्हा पुन्हा, न चुकता जमेपर्यंत. बाजूला कांदे विकणारी बाई हसून लोटपोट. मी शरमेनं लाल. "हसू द्या," आक्का म्हणाल्या. "तिला काय म्हाईत, अंधारात गव्हाणीखाली तुमी एकलेच असनार." मुठीला त्यांनी आपल्या पिशवीतला तांबडा दोरा बांधला, गवतात पडला तर दिसावा म्हणून. आणि माझ्याकडून एक कबुली घेतली. कुणाशी वाद घालताना हात म्यानाकडं गेला, तर त्याच दिवशी चाकू त्यांना आणून द्यायचा.

आता आप्पांकडं येतो.

आप्पा गावातले मोठे बागायतदार. एके काळचे सरपंच, सोसायटीवर वजन, पंचक्रोशीत शब्द. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या मुलीच्या लग्नात मांडव घालायला स्वतः उभे राहत. पण गाव आपल्या अंगणातून सुरू होतं असं त्यांना वाटे. पांढऱ्या शर्टाखाली कमरेला त्यांचं परवान्याचं पिस्तूल असायचं. शर्ट असा शिवून घेतलेला की ते झाकावं, पण आहे हे कळावं.

गायरानाकडं आणि पाझर तलावाकडं जाणारी मेंढरांची वाट आप्पांच्या डाळिंबाच्या बागेच्या कडेनं जात होती. एका उन्हाळ्यात आप्पांनी बागेला तारेचं कुंपण केलं आणि वाट कुंपणाच्या आत गेली. मेंढरांना पाण्यासाठी मोठा वळसा पडायला लागला. त्या उन्हात तो वळसा कोकरांना झेपत नव्हता. तीन घरांची कोकरं मेली. लोक एकमेकांत बोलत, आप्पांसमोर गप्प बसत. आक्कांनी ग्रामसभेत विषय मांडायचं ठरवलं. मी त्या सभेला लसीकरणाची माहिती द्यायला गेलो होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं.

आक्का नेहमीप्रमाणं पुढं बसल्या होत्या. त्यांचा नंबर आला तशा उठून उभ्या राहिल्या. "वाट कुनाची हाय ते नकाशात बघा. माजं एवढंच म्हननं हाय."

आप्पा खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, ही सभा हाय. आदी त्ये कमरेचं हत्यार भायेर ठिवून या. मंग बोला."

दोनचार जण हसले. आक्का हसल्या नाहीत. "व्हय," त्या म्हणाल्या, "बराबर हाय. सभेत हत्यार नगंच. पयलं तुमचं ठिवा."

हसणं थांबलं. ग्रामसेवक वरती पंख्याकडं बघायला लागले. आक्कांनी कमरेची दोरी सोडली, चाकू म्यानासकट टेबलावर, इतिवृत्ताच्या वहीवर ठेवला, दोन पावलं मागं सरकल्या आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"माजं ठिवलं. चार बोटाचं हाय. आता तुमी."

आप्पांचा हात शर्टाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या वस्तूचं ओझं झालं असावं. ते उठले, "बायकांच्या तोंडी लागायला मला येळ न्हाई," म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्यामागं निम्मी सभा उठली. ग्रामसेवकांनी कोरम नाही म्हणून सभा तहकूब केली. आक्कांनी चाकू उचलला, दोरी बांधली आणि दाजींना म्हणाल्या, "चला, मेंढरं कोंडायचीत."

"व्हय," दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत तक्रार गेली. बाईनं सभेत हत्यार दाखवून धमकावलं. आणि मला आप्पांचं बोलावणं आलं. चहा झाला. ते प्रेमानं म्हणाले, "डाक्टर, तुमी सरकारी मानूस. तुमच्या दोन ओळीला किंमत हाय. बाईनं चाकू काढला, एवढं लिवून द्या. अजून पर्मनंट व्हायचंय ना तुमाला?"

मी उद्या देतो म्हणालो. नाही म्हणालो नाही. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

संध्याकाळी मी आक्कांच्या वस्तीवर गेलो. त्या एका मेंढीचं खूर तासत बसल्या होत्या. मी म्हणालो, "आक्का, थोडे दिवस चाकू घरी ठेवा ना. वातावरण निवळेल."

त्यांनी मेंढीचा पाय सोडला. "कुनी धाडलंय तुमाला?"

"कुणी नाही."

"मंग भ्यालाय."

"हो."

"भ्या की. भ्यायला काय झालं? मीबी भ्यालीया." त्या पहिल्यांदाच असं काही बोलल्या. "पन लिवताना जेवढं बघितलं तेवढंच लिवा. माज्यासाठी एक अक्षर जादा नगं, त्यांच्यासाठी एक अक्षर कमी नगं."

घरी जाऊन मी जबाब लिहिला. बाईंनी चाकू म्यानासकट टेबलावर ठेवला. त्या दोन पावलं मागं गेल्या. त्यांचे हात पाठीमागं होते. इथपर्यंत सोपं होतं. त्यापुढचं वाक्य, आप्पांच्या कमरेलाही पिस्तूल होतं आणि ते त्यांनी ठेवलं नाही, हे मी दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि ते आप्पांकडं न देता थेट चौकीत नेलं.

चौकीत साहेब तरुण होते, बोलायला नीट. त्यांनी माझा जबाब वाचला, भुवया वर केल्या आणि चौकशीला बोलावलेल्या आक्कांकडं वळले. आक्कांकडून चाकू मागून घेतला. ड्रॉवरमधून शाळेची फूटपट्टी काढून पातं मोजलं, कागदावर लिहिलं.

"आजी, हा लागतोच कशाला रोज? घरी ठेवा. काम निघालं की घेऊन जात जा."

"साहेब, मी सतरा वरसाची आसंन," आक्का म्हणाल्या. "आमची मेंढरं भीमेच्या काठाला बसली व्हती. एक गाभन मेंढी मासं धरायच्या जुन्या जाळ्यात गुतली. गळ्याला फास. चाकू तवा गड्यांकडंच असायचा. बायांनी चाकू कशाला ठिवायचा? मी गडी हुडकाया पळाले. दोन शेतं पळाले. गडी घिऊन माघारी आले तवर मेंढी गेली व्हती. पोटातलं हालत व्हतं. माज्या हातात काय न्हवतं." त्यांनी टेबलावरच्या चाकूकडं बोट केलं. "घरी ठिवल्याला चाकू तिच्या काय कामाचा व्हता, सांगा."

साहेबांनी पट्टी परत ड्रॉवरमध्ये ठेवली. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण तक्रार आलीय. चौकशी होईपर्यंत चाकू इथं राहील."

"ऱ्हाऊ द्या. पावती द्या."

"पावती कशाला? कुठं जात नाही तो."

"मंग मीबी कुठं जात न्हाई." आणि आक्का दारातल्या बाकावर जाऊन बसल्या.

सकाळचे अकरा वाजले असतील. बारा वाजले, एक वाजला. साहेबांनी दोनदा सांगितलं, हवालदारांनी चारदा. पावती लिहायची तर काय जप्त केलं ते लिहायचं, आणि चार बोटांचं पातं लिहिलं की तक्रारीचं हसं होणार, हे साहेबांना कळत होतं. आक्कांनाही कळत होतं. दीडच्या सुमाराला दाजी मोपेडवरून आले, कुणाला काही न विचारता आक्कांच्या शेजारी बसले आणि फडक्यात बांधलेली भाकरी सोडली. भाकरी, चटणी, कांदा. दोघं जेवायला बसली. आक्कांचा हात सवयीनं कमरेला गेला, म्यान रिकामं. त्यांनी आतल्या टेबलाकडं एकदा बघितलं.

साहेबांनीही ते बघितलं. ते स्वतः चाकू घेऊन बाहेर आले. "घ्या आजी. कांदा कापा आणि जा घरी."

आक्कांनी चाकूला हात न लावता कांदा बाकावर ठेवला आणि हाताच्या मुठीनं फोडला. निम्मा दाजींच्या पुढ्यात सारला. "कांदा फुटला, साहेब. आता लिवून द्या. ह्यो काय हाय ते."

साहेब हसायला लागले. मग आत गेले आणि खरंच एक ओळ लिहून, सही-शिक्का मारून दिली. सदर वस्तू पशुपालनाच्या उपयोगाचं अवजार असून परत करण्यात येत आहे. आक्कांनी ती माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतली. दुसऱ्या दिवशी शिरूरला जाऊन तिला लॅमिनेशन केलं. पुढं कुणी शोभतं का म्हणून विचारलं, की त्या चंचीतून तो कागद काढत आणि म्हणत, "वाचता येतंय न्हवं?"

पुढच्या ग्रामसभेला मात्र धनगरवस्तीतली सगळी घरं आली. बायाही आल्या आणि पुढं बसल्या. मोजणी झाली. वाट नकाशात होती. आप्पांना तारा मागं घ्याव्या लागल्या. पण सगळ्या नाही, ओढ्याकडची एक बाजू तशीच राहिली. लोक म्हणाले, जाऊ द्या आक्का, जिंकलो की. आक्का दर सभेला उठून उभ्या राहत आणि म्हणत, "चार हात ऱ्हायल्यात. लिवून घ्या." मी तिथं होतो तोपर्यंत प्रत्येक इतिवृत्तात ते चार हात लिहिलेले आहेत.

आप्पा त्यांच्याशी बोलत नव्हते. त्या पावसाळ्यात आप्पांच्या सुनेच्या शेळ्या लंगडायला लागल्या. खुरं वाढून आत कुजली होती. आप्पांचा मला फोन आला. "डाक्टर, तुमी या."

मी म्हणालो, "आप्पा, औषध मी देतो. पण खूर तासायला आक्कांइतका हात माझा नाही. त्यांनाच बोलवा."

"तुमीच सांगा तिला."

"मी सांगणार नाही, आप्पा." त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं.

दोन दिवसांनी आप्पा स्वतः मोटारसायकलवरून आक्कांच्या दारात आले. मी औषधाची बाटली द्यायला तिथंच होतो. ते गाडीवरून उतरले, उभे राहिले. मग म्हणाले, "सुनंच्या शेळ्या लंगडत्यात."

आक्का उठल्या. त्यांनी खुंटीवरची दोरी घेतली, पण बांधली नाही. "चाकू घरी ठिवून येऊ का घिऊन येऊ?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, दाजींकडं बघितलं, मग जमिनीकडं. "घिऊन या," म्हणाले.

आक्कांनी सावकाश दोरी बांधली. आप्पांच्या मागं गाडीवर बसल्या नाहीत. चालत गेल्या. अकरा शेळ्यांची खुरं तासली, सुनेला कसं करायचं ते शिकवलं, आणि चहा न घेता चालत परत आल्या. मी विचारलं, चहा का नाही घेतला? म्हणाल्या, "चार हात दिल्यावर घिईन."

पुढं माझी बदली दौंड तालुक्यात झाली. फोन होत असत, मग कमी झाले. त्या तापानं गेल्याचं मला महिनाभर उशिरा कळलं. मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, भांडगावला.

मुलानं स्लॅबचं घर बांधलं होतं आणि मेंढरं विकून टाका म्हणून मागं लागला होता. आक्कांनी विकली नाहीत. उलट, इकडच्या एका शेतकऱ्यानं खतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलावलं म्हणून साठीच्या उंबरठ्यावर सगळा कळप घेऊन चालत निघाल्या होत्या. मला यातलं काही माहीत नव्हतं. सकाळी दहाच्या सुमाराला मी पुणे-सोलापूर रस्त्यावर आलो तर गाड्या तुंबलेल्या, हॉर्नचा कल्लोळ. गाडी लावून पुढं गेलो. रस्त्यातून मेंढरं पलीकडं जात होती, आणि एका अवजड कंटेनरच्या तोंडासमोर, चार पावलांवर, आक्का उभ्या होत्या. एका हातात काठी टेकवलेली, दुसरा हात वर. पलीकडच्या कडेला दाजी मेंढरं गोळा करत होते.

"अरे माई, हटो ना! टाइम हो रहा है!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता.

"थांब की!" आक्का त्याच्या दुप्पट आवाजात म्हणाल्या. "म्होरं काय पेटलंय का?"

"आक्का!" मी हाक मारली.

त्यांनी मान वळवली. ओळखलं. दोन वर्षांनी भेटत होतो, पण चेहऱ्यावर काही फरक नाही. "डाक्टर, बगत काय बसलाय? त्यो मागं लंगडा ऱ्हायलाय बगा. उचला."

कडेला एक काळं कोकरू तीन पायांवर उभं होतं. मी ते छातीशी धरलं आणि रस्ता ओलांडायला लागलो. दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजत होते. कोकराचं काळीज माझ्या हाताखाली धडधडत होतं. मधोमध पोचल्यावर मी नकळत पळायला लागलो, तशा त्या ओरडल्या, "पळू नगा! चालत जावा. वाट आपलीबी हाय."

मी चालत गेलो. कोकरू दाजींच्या हातात दिलं आणि मागं वळून बघितलं. कळप कधीच पार झाला होता, मी पार झालो होतो, रस्त्यावर आता त्या एकट्याच होत्या. तरी हात वरच होता. त्यांनी आधी आमच्याकडं बघून एकेक मेंढी डोळ्यांनी मोजली, पुरती मोजून झाली, तेव्हा कुठं हात खाली घेतला आणि कंटेनरकडं पाठ करून, घाई न करता, त्या आमच्याकडं चालत आल्या.